फ्रोडोचे परतणे

टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (१९५५) या अखेरच्या खंडात नायक फ्रोडो ऐन क्षणी हरतो, हे मला फार मोलाचे वाटते. जी दुष्ट अंगठी ज्वालामुखीच्या आगीत टाकून नष्ट करायला तो निघालेला असतो, ती अग्नीच्या काठावर पोहोचल्यावर टाकायला तो नकार देतो. ती नष्ट होते ती तिच्या हव्यासाने पछाडलेल्या गॉलममुळे, ज्याला आधी फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याने, मग फ्रोडोने आणि शेवटी डोंगरउतारावर त्याचा सोबती सॅम यानेही मारण्याची संधी असताना जिवंत सोडले होते. दयेचे हे फळ त्यांच्यापैकी कोणाच्याच हिशेबात नव्हते.

दुष्टपणा मात्र तेवढ्याने संपत नाही. शायर या आपल्या गावाकडच्या मुलखात परतलेल्या फ्रोडो, सॅम आणि त्यांच्या दोन मित्रांना तोडलेली झाडे आणि धूर ओकणारी गिरणी दिसते. २००३ च्या चित्रपटाने हा भाग वगळला, याचे मला मनापासून दुःख आहे. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहताना पाहिलेल्या आम्हा गिरणगावकरांना, घर जागेवर असूनही हरवते हे वेगळे सांगावे लागत नाही. (आमचे गिरणी गेल्याने हरवले, त्यांचे गिरणी आल्याने.) शायरमध्येही, फ्रोडोवर सुरा चालवणाऱ्या सरुमन या दुष्ट जादूगाराला तो कोणाला मारू देत नाही. सॅम संसारात रमतो, पण फ्रोडोची जखम भरत नाही. लेखकाने त्याला शायरमध्येच बरे झाल्याचा खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे.