आखूड जॉब तोंडावर तपासा

लेथवर पाच-सहा मिलिमीटर जाडीची चकती चकात (जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरून फिरवणाऱ्या पकडीत) धरली की बहुतेक जण डायलची, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची, टोच कडेवर टेकवतात. मी आधी तोंडावर, म्हणजे सपाट बाजूवर, टेकवतो. तीन जॉच्या (जबड्यांच्या) साध्या चकात कडेवर काटा 0.05 ते 0.10 मिमी हलणारच, आणि पुष्कळ कामांना ते चालून जातं. तिरकेपणा मात्र चालत नाही. दहा मिलिमीटरमागे 0.05 तिरकी बसली, तर 40 मिमी व्यासावर तोंड 0.2 ने डोलतं. मग दोन्ही तोंडं समांतर येणार कुठून?

लांब जॉब जॉच्या पूर्ण लांबीवर टेकतो, म्हणून सरळ राहतो. आखूड जॉबला तेवढी पकड मिळत नाही. त्यात चक आवळताना जॉ किंचित उचलले जातात आणि चकतीला बाहेर सारतात. म्हणून तिच्या पाठीला टेकू हवा. मी चौकोनी एचएसएस टूलबिट (हाय-स्पीड स्टीलचे, कापायच्या हत्याराचे तुकडे) वापरतो: तीन सारख्या मापाचे, मायक्रोमीटरने ताडून घेतलेले, जॉच्या मधल्या जागांत चकाला टेकवलेले. चकती त्यांवर दाबून धरायची, चक आवळत आवळत नरम हातोडीने हलके ठोके द्यायचे, आणि टूलबिट हाताने हलतायत का बघायचं. एक जरी सैल लागला तर पुन्हा ठोकायचं. लेथ चालू करण्याआधी तिन्ही बाहेर! फिरत्या चकातून सुटलेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

टूलपोस्टमध्ये (लेथवर हत्यार धरायच्या जागी) बेअरिंग धरून, अर्धवट आवळलेल्या चकतीच्या तोंडावर सावकाश दाबत नेण्याची युक्तीही चांगली आहे. डोलणं थांबतं, पण शेवटच्या आवळण्यात थोडं परत येतं.

एकाच मापाचे बरेच नग असतील तर सॉफ्ट जॉला, म्हणजे जॉबच्या मापाला कापून घेता येणाऱ्या नरम जॉला, पर्याय नाही. त्यांत जॉब बसायचा बोअर (गोल खाचा) मारताना जॉ मोकळे ठेवू नका. आत, कापायच्या जागेच्या मागे, एखादा गोल तुकडा आवळा, म्हणजे स्क्रोलचा (चकात जॉ सरकवणाऱ्या सर्पिल आट्याचा) ढिलेपणा जॉब धरतानाच्याच बाजूला जातो. बोअर जॉबच्याच मापाचा हवा. लहान झाला तर प्रत्येक जॉ फक्त दोन कडांनी चावतो, मोठा झाला तर मधल्या एका रेषेवर टेकतो. बोअरमध्ये जॉबची पाठ टेकते त्या पायरीच्या कोपऱ्यात बारीक खाच घ्या, नाहीतर जॉबचा बर (कडेला उरलेली धातूची कणी) तिथे अडकतो आणि एवढी मेहनत वाया. पायरीची खोली जॉबच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, म्हणजे फेसिंगचं (तोंड कापायचं) टूल जॉला लागणार नाही. जॉ काढून परत लावले की पुन्हा हलका कट मारायचा, आळस नको.

ईआर कॉलेटमध्ये (आवळली की मिटणाऱ्या, चिरा पाडलेल्या नळीसारख्या पकडीत) आखूड जॉब नुसता तोंडाशी धरला तर कॉलेट मागे जास्त मिटतो आणि पकड तिरकी होते. मागे त्याच व्यासाचा तुकडा सरकवा.

आणि शक्य असेल तर जॉब आखूड होऊच देऊ नका. बाहेरचा व्यास, भोक, एक तोंड, सगळं लांब बारवरच उरका आणि मग पार्टिंग, म्हणजे बारपासून कापून वेगळा करणं. दुसऱ्या खेपेला फक्त एक तोंड उरतं.

पातळ रिंगला तर हे हवंच. ती तीन जॉत दाबून बोअर केली की चकात बोअर गोल असतो आणि सोडल्यावर तीनकोनी होतो. व्हर्नियरने समोरासमोर मोजलं तर सगळीकडे माप जवळपास सारखंच भरतं, त्यामुळे कळत नाही. त्याच मापाचा गोल प्लग घालून बघा, अडकतो.