इनोटुझुमॅबच्या आधीचा ईसीजी: माझा अनुभव

इनोटुझुमॅब ओझोगॅमायसिन या ल्युकेमियावरच्या (रक्ताच्या कर्करोगावरच्या) औषधाचं नाव निघालं की सगळ्यांचं लक्ष आधी यकृताला होऊ शकणाऱ्या इजेकडे जातं, आणि ते योग्यच आहे. पण हे औषध ईसीजीतला क्यूटी कालावधीही (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचं विद्युत चक्र सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ) लांबवू शकतं. तो फार लांबला तर ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडते. म्हणून पहिल्या डोसच्या आधी ईसीजी आणि रक्तातल्या क्षारांची तपासणी झालेली हवीच.

ईसीजीपूर्वी रुग्णाला पाच मिनिटं उताणं, शांत पडू देते. हुडहुडी भरली असेल तर आधी पांघरूण, नाहीतर आलेखाची रेघ थरथरते आणि टी लहर (ठोक्याची शेवटाकडची लहर, तिच्याबरोबर क्यूटी संपतो) कुठे संपली तेच कळत नाही. एव्हीआर या लीडमध्ये (ईसीजीच्या बारा आलेखांपैकी एक) क्यूआरएस, म्हणजे ठोक्याचा टोकदार भाग, वर उठलेला दिसला तर हातांच्या वायरी उलटसुलट लागल्यात का ते आधी बघायचं.

मशीनने छापलेल्या क्यूटीसीवर, म्हणजे नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेल्या क्यूटीवर, मी थांबत नाही. लीड 2 किंवा व्ही5 मध्ये सलग तीन ठोके मोजून सरासरी काढते. टी लहरीच्या उताराला पट्टी लावायची, ती मूळ रेषेला जिथे छेदते तिथे क्यूटी संपला. पोटॅशियम कमी असलं की टीच्या मागे यू लहर उभी राहते. ती मोजणीत धरली की आकडा उगाच फुगतो.

समजा, क्यूटी नऊ बारीक चौकोनांचा भरला. कागदाचा वेग सेकंदाला 25 मिमी असेल तर तो 360 मिलिसेकंद. ताप आणि रक्तक्षयामुळे नाडी 110. बॅझेटच्या सूत्राने क्यूटीसी येतो 487, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने 441. माणूस तोच, कागद तोच! जलद नाडीत बॅझेट जास्त आकडा दाखवतो, आणि बरीच मशीन्स तोच छापतात. ल्युकेमियात नाडी जलद असणं नेहमीचंच, त्यामुळे मी फ्रिडेरिशिया वापरते आणि सूत्राचं नाव कागदावर लिहिते. पुढच्या वेळी दुसऱ्या सूत्राशी तुलना झाली तर सगळंच फुकट.

आकडा खरोखर वाढलेला निघाला तर आधी औषधांचा तक्ता बघायचा. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, जंतुसंसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल, ही तिन्ही क्यूटी लांबवणारी, आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला बहुधा एकत्रच चालू असतात. बुरशीच्या औषधाला मायकाफंजिनसारखा पर्याय असतो. निर्णय अर्थात डॉक्टरांचा.

पोटॅशियम लिटरमागे 4 मिलिमोलच्या वर आणि मॅग्नेशियम डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास असावं, असा आमचा आग्रह असतो. मॅग्नेशियम न भरता नुसतं पोटॅशियम देत राहिलं तर ते टिकत नाही. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर दोन्ही घसरतात. याच्या उलट फसगतही होते. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असल्या की त्या नळीतच फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. त्या आकड्यावर उपचार केले तर रुग्णाचं खरं पोटॅशियम खाली जाईल. अशा वेळी नमुना न हलवता हातानेच न्यावा आणि ब्लड गॅस मशीनवर लगेच तपासून घ्यावा.

पहिल्या चक्रात औषध 1, 8 आणि 15 व्या दिवशी: प्रति चौरस मीटर 0.8, मग 0.5 आणि 0.5 मिलिग्रॅम. प्रत्येक डोस एका तासात, नंतर किमान तासभर देखरेख. तिन्ही डोसांपूर्वी ईसीजी काढलेला मला बरा वाटतो. क्यूटीसी 500 च्या वर गेला किंवा पहिल्यापेक्षा 60 मिलिसेकंदांनी वाढला, तर बाटली लावण्याआधीच डॉक्टरांना फोन.

ब्लिनाटुमोमॅब या ल्युकेमियावरच्याच दुसऱ्या औषधाचं गणित वेगळं. तिथे भीती सायटोकाइन्सच्या (प्रतिकारपेशी सोडतात त्या संदेशवाहक प्रथिनांच्या) उसळीची: ताप, वाढलेली नाडी, पडणारा रक्तदाब. हे औषध पंपाने 28 दिवस अखंड चालतं आणि डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. म्हणून ती लाइन फ्लश करायची (सलाइन ढकलून धुवायची) नाही, बॅग बदलतानासुद्धा. नाहीतर नळीत उरलेलं औषध एका झटक्यात शरीरात जातं.