लष्करी विमानातील मोफत आसन आणि लहान मुलांच्या कुटुंबाला पडणारा खर्च

माझे पती अमेरिकेच्या सैन्यात आहेत आणि सध्या आमचे बिऱ्हाड जर्मनीत, कायझर्सलाउटर्न शहराजवळ आहे. अमेरिकेबाहेर अमेरिकी सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची सर्वांत मोठी वस्ती याच परिसरात आहे आणि रामस्टाइनचा हवाई तळही इथेच आहे. पुण्याहून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, "तुम्हाला तर विमानप्रवास फुकट असतो ना?" मुंबईकडे जाणारी अशी नियमित सोय नाही, त्यामुळे माहेरी यायचे तर आम्हीही इतरांसारखेच तिकीट काढतो. अमेरिकेत सासरी जाण्यासाठी मात्र ती आहे. तिला येथे सगळे ‘स्पेस-ए’ म्हणतात. कामगिरीवर निघालेले सैनिक, बदली झालेली कुटुंबे आणि लष्कराचे सामान यांची व्यवस्था झाल्यावर विमानात जी आसने उरतील, ती रजेवरील सैनिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना दिली जातात. भाडे जवळजवळ नसतेच; भाड्याच्या नागरी विमानाने चालवल्या जाणाऱ्या ‘पेट्रियट एक्सप्रेस’ या सेवेत प्रत्येकी थोडा कर भरावा लागतो, इतकेच.

या सोयीबद्दल मला कृतज्ञता वाटते, हे आधी स्पष्ट करते. परंतु दोन लहान मुलांना घेऊन असा प्रवास केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, तिकीट विकत घेण्याची ऐपत असलेल्या कुटुंबालाच ही मोफत आसने खऱ्या अर्थाने परवडतात.

प्रवाशांचा क्रम सहा श्रेणींनुसार लागतो. घरी मृत्यू किंवा गंभीर आजारपण असल्यामुळे निघालेला सैनिक पहिल्या श्रेणीत असतो, साध्या रजेवरील सैनिक आणि त्याच्यासोबतचे कुटुंब तिसऱ्या श्रेणीत, सैनिक सोबत नसताना निघालेली बायको-मुले बहुधा पाचव्या श्रेणीत आणि निवृत्त सैनिक सहाव्या श्रेणीत. एकाच श्रेणीत ज्याचे नाव आधी नोंदलेले, तो पुढे. परंतु सेवेतील सैनिकाला रजा सुरू झाल्याशिवाय नाव नोंदवता येत नाही. विमानांचे वेळापत्रक साधारण ७२ तास आधी कळते आणि त्यात आसनांच्या आकड्यापुढे ‘एफ’ असेल तर ती नक्की, ‘टी’ असेल तर अंदाजे समजायची. आपल्याकडच्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टमध्ये आपला क्रमांक निदान पुढे सरकताना दिसतो. येथे रोज नवे विमान, नवी यादी, आणि आपल्या पुढे उभी राहणारी नवी माणसे.

खरा खर्च सुरू होतो तो ‘रोल कॉल’पासून. ठरलेल्या वेळी टर्मिनलवर नावे पुकारली जातात आणि त्या वेळी संपूर्ण कुटुंब सामान, पासपोर्ट आणि रजेच्या कागदांसह लगेच विमानात बसण्याच्या तयारीने हजर असावे लागते. हे वाक्य वाचायला सोपे आहे, पण त्याचा अर्थ असा की परतीच्या प्रवासात प्रत्येक रोल कॉलपूर्वी हॉटेलची खोली सोडायची, भाड्याची गाडी व तिच्यातील मुलांच्या सीट परत करायच्या आणि दूध, डायपर, औषधे, कपडे पुन्हा बॅगांत भरायचे. नाव आले नाही, तर त्याच दिवशी पुन्हा खोली शोधायची, आणि तळावरील स्वस्त विश्रामगृह भरलेले असेल तर बाहेरच्या हॉटेलचे त्या रात्रीचे जे भाडे असेल ते मोजायचे. धाकटीची झोपेची वेळ आणि रोल कॉल एकत्र आले, तेव्हा तिला उचलून धरत मी काउंटरजवळ उभी होते आणि थोरला बॅगांवर बसून डब्यातला पराठा खात होता. तीन आसने उरली होती आणि आम्ही चौघे होतो, म्हणून ती आमच्या मागच्या जोडप्याला आणि एका एकट्या सैनिकाला मिळाली. मोठ्या कुटुंबाच्या बाबतीत असे वारंवार घडते, आणि त्यात अन्याय काहीच नाही. तरीही त्या रात्रीच्या खोलीचे, जेवणाचे आणि टॅक्सीचे पैसे आम्हालाच भरायचे होते.

याहून महाग पडते ती रजा. सैनिकाला वर्षाला ३० दिवस रजा मिळते, आणि टर्मिनलवर ताटकळलेला दिवसही तिच्यातूनच वजा होतो. रजा संपत आली आणि आसन मिळाले नाही, तर वेळेवर हजर होण्यासाठी त्याला ऐन वेळचे महाग तिकीट काढावेच लागते. आता चौघांची तिकिटे काढायची की त्याने एकट्याने पुढे जायचे? तो एकटा गेला, तर मागे राहिलेली बायको आणि मुले तिसऱ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत जातात, शिवाय त्यांच्याजवळ युनिटकडून मिळालेले पत्र असावे लागते. म्हणजे पैसे वाचवण्यासाठी कुटुंब वेगळे झाले, की आसन मिळण्याची शक्यता आणखी कमी होते. ही गोष्ट नव्याने आलेल्या सैनिकपत्नींना कोणीतरी आधीच सांगायला हवी, कारण फॉर्म भरताना ती लक्षात येत नाही.

विमान कुठे उतरेल, यावरही खिशाचे गणित फिरते. बाल्टिमोरला जायचे असताना डेलावेअरमधील डोव्हरचे विमान मिळाले, तर पुढचा दीड-दोन तासांचा रस्ता स्वखर्चाने गाठायचा. परतताना रामस्टाइनऐवजी जर्मनीतल्याच स्पांगडालेम या दुसऱ्या हवाई तळावर उतरलो, तर आपली गाडी मात्र रामस्टाइनच्या पार्किंगमध्येच उभी. सी-१७ सारख्या मालवाहू विमानात भिंतीलगतच्या आसनांवर बसावे लागते. आत थंडी आणि आवाज इतका असतो की मुलांसाठी गरम कपडे, पांघरूण आणि कानांवरची संरक्षक आवरणे आधीच विकत घेऊन ठेवावी लागतात.

ज्यांना ही सोय सर्वांत सुखाची वाटते, ते निवृत्त सैनिक शेवटच्या श्रेणीत आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांना शाळेची सुट्टी संपण्याची घाई नसते आणि आज नाही तर परवा निघता येते. उलट तुटपुंज्या पगाराचा, लहान मुलांचा तरुण सैनिक श्रेणीने त्यांच्या पुढे असूनही अडकतो, कारण त्याची मुले उन्हाळ्यात व नाताळातच मोकळी असतात आणि उन्हाळ्यात तर बदलीवर निघालेल्या कुटुंबांनी विमाने भरलेली असतात.

आम्ही आता परतीची तिकिटे आधी काढतो, तीही रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळणारी, जरी ती महाग असली आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकून राहत असली तरी. जातानाच्या प्रवासासाठी तेवढे रोल कॉलला उभे राहतो, कारण घर जवळ असल्याने नाव आले नाही तरी मुले संध्याकाळी आपल्या अंथरुणात झोपतात आणि हॉटेलचा प्रश्न येत नाही. थोरला यंदा पहिलीत जाईल, त्यामुळे पुढच्या वर्षीपासून जातानाचीही तिकिटे काढण्यासाठी दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवायला आम्ही सुरुवात केली आहे.