ॲटिक काळा लेप: चौथ्या भट्टीपर्यंतच्या नोंदी

अथेन्सच्या (ॲटिका प्रदेशातल्या, म्हणून ‘ॲटिक’) इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातल्या भांड्यांवर जो चकचकीत काळा थर दिसतो, तो लोहयुक्त मातीचाच अतिबारीक गाळ आहे. वेगळा रंग किंवा ग्लेझ त्यात नाही. एकाच भट्टीत भांडं तांबडं निघतं आणि लेप काळा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ थिओडोर शुमान यांनी १९४२च्या सुमारास ही युक्ती पुन्हा साधून दाखवली. आमच्या चाचण्या ६ × ३ सेंमीच्या, ५ मिमी जाडीच्या पट्ट्यांवर चालू आहेत. चौथ्या भट्टीत (म्हणजे भाजणीत) आठपैकी पाच पट्ट्या खऱ्या अर्थाने काळ्या निघाल्या.

गाळ. विटांच्या तांबड्या मातीची १ किलो कोरडी पूड ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून चाळली. त्यात ३ लिटर आरओचं पाणी आणि ५ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट (कण सुटे ठेवणारं रसायन). बोअरचं पाणी घेऊ नका. त्यातल्या कॅल्शियममुळे बारीक कण एकमेकांना चिकटतात, गाळ फाटतो आणि सगळंच तळाला बसतं. नीट घुसळून बादली २४ तास न हलवता ठेवली की तीन थर दिसतात: वर निवळ पाणी, मध्ये दाट चहासारखं द्रव, खाली रेंदा. नळीने फक्त मधला थर काढायचा आणि तो पुन्हा ४८ तास बसू द्यायचा. किलोभर मातीतून कामाचा गाळ जेमतेम शंभर-दीडशे ग्रॅम निघतो, तेव्हा घाई करून रेंदा ओढला तर सगळी मेहनत वाया.

काढल्यावर १०० मिलीचं वजन ११२ ग्रॅम भरलं. पसरट थाळ्यात उन्हात आटवून ते १२५वर आणलं. गॅसवर आटवल्यास वर साय धरते. लावायची वेळ पट्टी लेदर-हार्ड (अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट) असतानाची. हाडासारख्या कोरड्या पट्टीवर जाड हात मारला की लेप सुकताना पापुद्रे सुटतात. पहिला हात सुकून चमक मंदावली की दुसरा, आणि मग मऊ सुती कापडाने हलकेच घासायचं. इथे गाळाची खरी परीक्षा होते. कण पुरेसे बारीक असतील तर कच्च्या लेपावरच आरशासारखी झाक येते. झाक आली नाही तर ती पट्टी भट्टीत घालण्यात अर्थ नाही.

मातीची निवड महत्त्वाची. लेपाला इलाइट (अभ्रकासारखं बारीक खनिज) जातीची, पोटॅश आणि लोह भरपूर असलेली, चुना कमी असलेली माती लागते. पोटॅशमुळेच बारीक गाळ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारखा घट्ट होऊ लागतो. दख्खनची काळी माती इथे चालत नाही, ती फुगते-आक्रसते आणि लेपाला जाळीदार भेगा पडतात.

भट्टी. एलपीजीची, उघड्यावर ठेवलेली. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पट्ट्यांच्या पातळीवर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जवळ हवाच. विजेच्या भट्टीत हे करू नये, रिडक्शनने (भट्टीतला ऑक्सिजन तोडण्याने) कॉइल खराब होते.

१२० अंशांवर दोन तास, ६००पर्यंत तासाला १००, मग हवा पूर्ण खुली ठेवून ८५०. इथे सगळं तांबडं असतं. ९००ला डॅम्पर (धुराड्याची झडप) बंद करून ओला लाकडी भुसा मूठमूठ टाकला. ९३०ला २० मिनिटं स्थिर. धुरात ऑक्सिजन मिळत नाही, लोहाचा तांबडा ऑक्साइड काळ्यात बदलतो, भांडं आणि लेप दोन्ही काळे पडतात. आता खरी गोष्ट: लेपाचे कण वितळून छिद्रं मिटलेली असतात, भांड्याच्या अंगाची मात्र खुली असतात. ८६०पर्यंत खाली आणून हवा सोडली की ऑक्सिजन अंगात शिरतो, ते पुन्हा तांबडं होतं. लेपात त्याला वाट नसते.

म्हणजे सगळा खेळ लेप मिटण्याच्या आणि अंग मिटण्याच्या तापमानातल्या फटीचा. पहिल्या दोन भट्ट्या ८७०ला थांबल्या. लेप मिटला नव्हता, म्हणून शेवटी तोही तपकिरी-तांबडा झाला. तिसरी ९८०ला गेली. अंगच घट्ट झालं आणि राखाडी राहिलं. चौथीत बर्नरजवळच्या तीन पट्ट्यांच्या कडा तांबड्या पडल्या, कारण कडेला लेप पातळ होता. जुन्या ग्रीक वाडग्यांच्या आत तांबडं वर्तुळ दिसतं ना, ते रचताना वरच्या भांड्याच्या बुडाखाली रिडक्शन नीट न पोचल्याचं. त्यांचीही फसगत अशीच व्हायची.

हवा सोडल्यावर दर १० मिनिटांनी भोक पाडलेली एक चाचणी-पट्टी लोखंडी आकड्याने बाहेर ओढली. अथेन्सच्या कुंभारवाड्याच्या उत्खननात अशाच भोकाच्या चाचणी-खापऱ्या मिळाल्या आहेत. तिसऱ्या पट्टीत, म्हणजे ३० मिनिटांनी, अंग आरपार तांबडं दिसलं. तोडून गाभा पाहा, नुसत्या पृष्ठभागावर विश्वास ठेवू नका.

विदर्भातल्या महापाषाणकालीन काळ्या-तांबड्या भांड्यांशी याची गल्लत करू नये. तिथला काळा मुख्यतः कार्बनचा. खुल्या हवेत ७००ला पुन्हा भाजलं की कार्बन जळून जातो, ॲटिक काळा टिकतो. हीच कसोटी आपल्या पाच पट्ट्यांपैकी दोनवर लावली, दोन्ही काळ्याच राहिल्या.

पुढची भट्टी. अंगाच्या मातीत १० टक्के बारीक वाळू, म्हणजे छिद्रं अधिक काळ खुली राहतील आणि ९४०पर्यंत जाता येईल. कडांना लेपाचा तिसरा हात. शिवाय रेड-फिगर (काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृतींच्या) भांड्यांवरच्या उठावदार रेषेसाठी १०० मिलीला १४० ग्रॅमपर्यंत आटवलेला गाळ चार पट्ट्यांवर.