जॉन्सटाउन: दोन नद्यांचे, रुळांचे आणि एका दगडी पुलाचे शहर

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीच्या भट्ट्या पाहत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतील जॉन्सटाउन फार परके वाटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, स्टोनीक्रीक आणि लिटल कोनेमॉ या नद्यांच्या संगमावर हे लहान शहर वसले आहे. 1834 मध्ये येथून ॲलेगेनी पोर्टेज रेलरोड सुरू झाली. कालव्यातून आलेला माल, आणि पुढे तर नावासुद्धा, वाफेच्या इंजिनांनी उतारावरून ओढून डोंगरापलीकडच्या कालव्यात पोहोचवणे हे तिचे काम होते. कॅसलरॉकचा घाट चढणारी मालगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्यातील कष्टांची कल्पना येईल. 1852 मध्ये केंब्रिया आयर्न कंपनी स्थापन झाली आणि तिचे रूळ देशभर गेले. 1992 मध्ये येथील पोलाद कारखाना बंद पडला, तरी कंपनीची अष्टकोनी लोहारशाळा अजून उभी आहे. तिच्या विटांच्या भिंतींजवळ मी बराच वेळ रेंगाळलो.

मात्र या शहराची खरी ओळख 31 मे 1889 या दिवसाशी जोडलेली आहे. शहरापासून सुमारे 22 किलोमीटर वर असलेले साउथ फोर्कचे मातीचे धरण धनिकांच्या एका क्लबच्या ताब्यात होते. पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून टाकलेले होते, बग्ग्यांच्या वाटेसाठी धरणाचा माथा खाली आणला होता, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या. मुसळधार पावसात धरण फुटले. जॉन हेस या इंजिनचालकाने शिट्टी सतत वाजत राहावी म्हणून ती बांधून ठेवली आणि तो इंजिन गावाकडे पळवत राहिला, म्हणून कित्येकांना उंचावर धावता आले. खाली रेल्वेच्या सात कमानींच्या दगडी पुलाला घरे, झाडे, रेल्वेच्या वाघिणी आणि माणसे यांचा ढीग अडकला व त्याला आग लागली. एकूण 2209 लोक गेले, आणि क्लबवर कोणतीही जबाबदारी निश्चित झाली नाही, हे वाचून मला आजही संताप येतो. त्या पुलावरून गाड्या अद्याप धावतात.

नगरपालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर 1889, 1936 आणि 1977 या तिन्ही पुरांच्या पाण्याची उंची दाखवणाऱ्या खुणा आहेत. वरची खूण माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचे पाणी गोकाकमध्ये शिरले, तेव्हा मावशीच्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. या खुणा पाहिल्या त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला आणि घर रंगवताना ती रेघ पुसू नकोस, तिच्या शेजारी तारीख घालून ठेव, असे सांगितले. ती लगेच तयार झाली.