दुधाच्या तीन बाटल्या

भेसळीची बातमी आली की सगळे लॅब आणि मशीनबद्दल बोलतात, मला मात्र इंग्लंडमधली दीडशे वर्षांपूर्वीची सॅम्पल घ्यायची पद्धत जास्त भारी वाटते. कायदा 1875 चा. इन्स्पेक्टरने रीतसर पैसे देऊन दूध घ्यायचं, घेतल्यावर लगेच सांगायचं की हे तपासणीला जाणार, आणि दूधवाल्यासमोरच त्याचे तीन भाग करून सील ठोकायचं. एक बाटली दूधवाल्याला, एक पब्लिक अ‍ॅनालिस्टला म्हणजे दूध तपासणाऱ्या तज्ज्ञाला, तिसरी राखून ठेवायची, म्हणजे कोर्टात वाद झाला तर ती लंडनच्या सरकारी केमिस्टकडे जाणार. थोडक्यात कोणावरच भरवसा नाही, इन्स्पेक्टरवर पण नाही!

इन्स्पेक्टरला गावात सगळेच ओळखायचे, तो दिसला की चांगलं दूध पुढे यायचं, म्हणून मग खरेदीला एखाद्या बाईला नाहीतर पोराला पाठवायचे आणि साहेब मागून हजर.

1901 मध्ये आकडे ठरले, 3 टक्के फॅट आणि फॅट सोडून 8.5 टक्के घनपदार्थ. त्याच्या खाली आलं की भेसळ धरायची, तसं नाही हे दूधवाल्याने सिद्ध करायचं. तो म्हणणार आमची गायच असलं दूध देते. आणि हे दरवेळी खोटं नसायचं हां, दोन धारांमधला रात्रीचा खंड मोठा पडला की सकाळच्या दुधात फॅट कमीच येतं. मग गोठ्यात जाऊन समोर धार काढायला लावायची, म्हणजे गाईचीच साक्ष! पण या आकड्यांनी एक घोळ पण केला, ज्याचं दूध 4 टक्के फॅटचं तो बिनधास्त ते 3 वर आणून विकायला लागला, पकडणार कसं?

तिसऱ्या बाटलीची अडचण वेगळीच, लंडनला पोचेपर्यंत दूध आंबलेलं, मग किती नासलं त्याचा हिशोब धरून निकाल द्यायचा आणि त्यावरून अजून भांडणं.

आपल्या 1954 च्या अन्नभेसळ कायद्यातही आधी हेच तीन भाग होते, 1976 मध्ये विक्रेत्याचा भाग गेला, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात चार भाग झाले. विक्रेत्याची बाटली काढली ते मला पटत नाही, पण फ्रीज नसलेल्या टपरीवाल्याने ती ठेवली तरी कुठे असती म्हणा. नासू नये म्हणून आपल्याकडे दुधाच्या सॅम्पलमध्ये फॉर्मॅलिन टाकतात, तेही नियमाप्रमाणे. तेच दूधवाल्याने कॅनमध्ये टाकलं तर केस!