घरची बाटली, मराठवाड्याची हवा : जानेवारी ते मेच्या नोंदी

आजची स्थिती : व्हिस्कीच्या सहा बाटल्या उघड्या, चार आंधळ्या चाचण्या (कुठल्या ग्लासात काय हे न कळता चाखणं) झाल्या, एक बूच तुटलं. सगळं छत्रपती संभाजीनगरात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत. स्कॉटलंडच्या थंड खोलीसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून या नोंदी. प्रश्न एकच होता : घरी निवांत बसून प्यायला बाटली निवडताना लेबलवरचा कुठला आकडा आधी वाचायचा? आतापर्यंतचं उत्तर : वर्षांचा नाही, अल्कोहोलच्या टक्क्यांचा.

जानेवारी. लेबल

मागचं लेबल आधी. बारीक अक्षरात घटक दिलेले असतात. 'न्यूट्रल स्पिरिट, माल्ट स्पिरिट, पाणी, कॅरामल रंग १५०ए' असं दिसलं तर ती आपल्याकडची नेहमीची ब्लेंडेड व्हिस्की. आपल्याकडे उसाच्या मळीपासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटवर बेतलेलं मद्यही व्हिस्की म्हणून विकता येतं. युरोपीय संघात धान्यच लागतं. साखर कारखान्याशेजारून रोज जाणाऱ्यांना मळीचा वास सांगायला नको, पण तो बाटलीत शोधू नका. हे स्पिरिट इतकं शुद्ध केलेलं असतं की त्यात काहीच वास उरत नाही, आणि अडचणही तीच आहे. चव येते ती त्यात मिसळलेल्या थोड्याशा माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या मद्यातून. जून २०२५ मध्ये राज्याने 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्यापासूनच्या मद्याचा वेगळा वर्ग काढला. त्यावरून गोंधळ नको. धान्याचं म्हणजे माल्टचं नव्हे.

दुसरी पायरी, बाटली कुठे भरली. टीचर्स, १०० पायपर्स यांसारखी ब्लेंडेड स्कॉच (स्कॉटलंडची व्हिस्की) पिंपातून भारतात येते आणि इथे भरली जाते. यात कमीपणा काही नाही, किंमत उतरते एवढंच. सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातलं निव्वळ माल्ट) स्कॉचला मात्र नोव्हेंबर २०१२ पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावं लागतं. तेव्हा 'सिंगल माल्ट स्कॉच, भारतात भरलेली' असं कोणी म्हणालं तर दुकानातून बाहेर पडा.

आता टक्के. इथल्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ असतं. हा आकडा जुन्या ब्रिटिश प्रूफच्या (अल्कोहोल मोजायची जुनी पद्धत) ७५ अंशांतून आलेला आहे. स्कॉचची कायद्याने किमान मर्यादा ४०. भारतीय माल्टमध्ये इंद्री त्रिनी, पॉल जॉन एडिटेड आणि बोल्ड ४६ वर, अमृत फ्यूजन ५० वर.

वयाचा आकडा भारतीय माल्टवर बहुतेक वेळा नसतोच, आणि त्यात लपवाछपवी नाही. व्हिस्की मुरवायच्या लाकडी पिंपातून दरवर्षी उडून जाणारा वाटा स्कॉटलंडमध्ये साधारण २ टक्के, बंगळुरूत १० ते १२. तिथल्या उकाड्यात लाकूड इतक्या वेगाने काम करतं की बारा वर्षं थांबलं तर पिंपात फारसं काही शिल्लक राहायचं नाही. म्हणून १२ वर्षांच्या स्कॉचशेजारी वय न लिहिलेलं भारतीय माल्ट ठेवून 'हे कोवळं असणार' असं धरून चालणं चूक.

फेब्रुवारी. आंधळी चाचणी

पद्धत लिहून ठेवतो, कारण पहिली चाचणी वाया गेली. तीन सारखे ग्लास, प्रत्येकाच्या बुडाला नंबराची चिठ्ठी. न चाखणाऱ्या माणसाने पेगच्या मापाने प्रत्येकी १५ मिली ओतायचं. पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग वास, मग एक घोट तसाच, मग पाण्याचे थेंब टाकून दुसरा. पहिली वेळ फुकट का गेली? खोलीत मच्छर कॉइल जळत होती. तिन्ही ग्लासांना धुराचा वास आला आणि तिन्हींपुढे 'पीटेड' (पीट या दलदलीतल्या जळणाच्या धुरावर जव वाळवलेली) असं लिहिलं गेलं. उदबत्ती, स्वयंपाकघरातली फोडणी, नवं गवत लावलेला कूलर, यातलं काहीही चालू असेल तर चाचणी करू नये. कूलरची जाळी ओली झाली की पहिले आठ-दहा दिवस खोलीभर गवताचा वास राहतो, शिवाय वारा सरळ ग्लासावर येतो आणि नाकापर्यंत काही पोचतच नाही.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. खास ग्लास नसेल तर छोटा वाइनचा ग्लास चालतो. ब्रँडीचा फुगीर ग्लास मात्र इथे नको. तो अल्कोहोलची वाफ कोंडून नाकात घालतो. स्टीलचा पेला तर नकोच.

वासाला नावं देताना परदेशी फळांच्या याद्या पाठ करण्यात अर्थ नाही. शेजारी बशीत जालन्याच्या मोसंबीची साल, गुळाचा खडा, दोन मनुका, खारकेचा तुकडा आणि भाजलेला हरभरा ठेवा. व्हिस्की हुंगा, बशी हुंगा, परत व्हिस्की. इंद्री त्रिनीत मनुका आणि गूळ लगेच सापडतात. ती ज्या तीन पिंपांत मुरते त्यांपैकी एक शेरी या स्पॅनिश वाइनचं आहे. अमृत फ्यूजनमध्ये भारतीय जवाबरोबर स्कॉटलंडचं पीटवर वाळवलेलं जवही आहे. त्या धुराला मराठवाड्यात एकच चपखल नाव : हुरड्याची आगटी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस फिरवताना येतो तो, थोडा गोडसर आणि ओलसर. टीचर्समध्येही तोच धूर, पण फिका. तिच्या ब्लेंडमधलं मुख्य माल्ट आर्डमोरचं, आणि ते पीटेड असतं.

निकालाबद्दल एवढंच : किमतीचा आणि पसंतीचा क्रम चारपैकी एकाही वेळी जुळला नाही. टक्क्यांचा मात्र तीनदा जुळला.

मार्च. पाणी

यावर जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड असतं. मापकावर बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६४० आला, आरओचा ४५. दोन्ही पाण्यांचे थेंब एकाच व्हिस्कीच्या दोन ग्लासांत टाकले. बोअरच्या ग्लासात जिभेवर खडूसारखं काहीतरी रेंगाळत होतं आणि फळांचा वास दबला होता. त्या पाण्याचा बर्फ विरघळल्यावर तळाशी पांढरा चुरा बसतो, तो व्हिस्कीचा दोष नाही, क्षारांचा आहे. बर्फाचं पाणी आरओचंच असावं, आणि ट्रे झाकलेला. नाहीतर फ्रीजमधल्या लसणाच्या चटणीचा वास बर्फात उतरतो.

किती पाणी? गणित सोपं आहे. ६० मिली व्हिस्की ४० टक्क्यांवर आणायला ५० वालीत १५ मिली, ४६ वालीत ९ मिली, ४२.८ वालीत ४ मिलीच्या आसपास. लहान मुलांच्या औषधाबरोबर येणारी ५ मिलीची नळी यासाठी उत्तम, तेवढ्यासाठी वेगळा ड्रॉपर घ्यायची गरज नाही.

आता बर्फ. फ्रीजमधल्या साध्या ट्रेचे दोन तुकडे उकाड्यात भराभर विरघळतात. ६० मिली व्हिस्कीत ३० मिली पाणी झालं असं धरा. ४० टक्क्यांची व्हिस्की उतरते २६.७ वर, ४६ ची ३०.७ वर, ५० ची ३३.३ वर. पंचविशीत गेलेली व्हिस्की बेचव पाण्यासारखी लागते आणि माणूस ब्रँडला नावं ठेवतो. म्हणून इथल्या घरासाठी ४६ किंवा त्याहून वरची बाटली. तिला पाणी सोसतं. बर्फ टाकल्यावर अशी व्हिस्की कधीकधी धुरकट दिसते. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीत तेलकट घटक तसेच राहतात, थंडीने ते गढूळ होतात. भेसळ समजून ओतून देऊ नका.

एप्रिल-मे. उकाडा

अल्कोहोलच्या वाफेचा दाब २५ अंशांना असतो त्याच्या जवळपास दुप्पट ३८ अंशांना होतो. मे महिन्यात कपाटातून काढलेली चांगली बाटलीसुद्धा नाकाला झोंबते ती यामुळे. उपाय दोन. बाटली पिण्याआधी वीस मिनिटं फ्रीजच्या दारात ठेवा (फ्रीझरमध्ये नको, वास मरतो), किंवा माठ वापरा. कोरड्या उकाड्यात माठातलं पाणी खोलीपेक्षा बरंच गार असतं, फ्रीजइतकं गारठलेलं नसतं. व्हिस्कीत घालायला याहून बरं तापमान नाही. मात्र माठ जुना हवा आणि आत आरओचं पाणी. नव्या माठाचा मातीचा वास पहिल्या पावसासारखा छान असला तरी ग्लासात तोच एक वास उरतो.

तुटलेल्या बुचाबद्दल. बाटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, छताच्या तापलेल्या स्लॅबखाली होती. कोरड्या हवेत बूच सुकलं आणि फिरवताना अर्धं आतच राहिलं. बाहेर काढायला वाइनचा स्क्रू, चुरा गाळायला कॉफीचा कागदी फिल्टर किंवा धुतलेलं मलमल. पुढे होऊ नये म्हणून : बाटली उभीच, सगळ्यात खालच्या फळीवर, उजेडापासून दूर, आणि महिन्यातून एकदा पाच सेकंद उलटी करून बूच ओलं करायचं. आडवी ठेवायची नाही, अल्कोहोल बूच खातं. रिकाम्या बाटल्यांची बुचं जपून ठेवा, पुष्कळदा दुसऱ्या बाटलीला बसतात.

दुकानातही हेच बघायचं. पश्चिमेकडच्या काचेच्या शोकेसमध्ये दोन उन्हाळे काढलेली बाटली घेऊ नये, खोक्यातली मागावी. बुचाखालच्या पातळीची दुसऱ्या बाटलीशी तुलना करावी. आणि संपलेली बाटली भंगारवाल्याला देण्याआधी लेबल फाडून, पुठ्ठ्याचा डबा चुरगाळून द्यावी. भेसळवाल्यांना हवं असतं ते नेमकं अखंड लेबल आणि डबा.

चखणा : खारे शेंगदाणे, फुटाणे. ठेचा किंवा येसर घातलेलं काही असेल तर आधी व्हिस्की, मग ते. मिरचीचा जाळ अल्कोहोलने भडकतो आणि त्यानंतर जिभेला मनुकाही कळत नाही. ४२.८ च्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तेव्हा चाचणीच्या दिवशी १५ मिलीचं माप सोडू नये. राज्यात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, तोही काढून ठेवा.

पुढे

एकट्याने खंबा (७५० मिलीची बाटली) घेऊन तो सहा महिने अर्धा ठेवण्यापेक्षा चौघांनी मिळून घ्यावा आणि नमुने वाटून घ्यावेत. होमिओपॅथीच्या दुकानात ३० मिलीच्या कोऱ्या काचेच्या बाटल्या मिळतात. कोऱ्याच घ्या, वापरलेल्यांचा वास जात नाही. काठोकाठ भरल्या की हवा उरत नाही, व्हिस्की टिकते.

एक प्रयोग सध्या चालू आहे. पॉल जॉन एडिटेडची १८० मिली मूळ बाटलीत तळाशी ठेवली आहे, तितकीच क्वार्टरच्या धुतलेल्या बाटलीत गळ्यापर्यंत भरली आहे. दोन्ही एकाच फळीवर, ५ एप्रिलपासून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या लावून चाखायच्या. तोवर पाऊस पडलेला असेल, दमट हवेत माठ काही कामाचा राहणार नाही, पाणी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावं लागेल.